आईंची नवी गादी

अभिनव,

मी हिंजवडीला निघाले. तुझ्या आईंची गादी अकरापर्यंत येईल, आज घरूनच काम कर.

हायब्रिड घेतली आहे, खाली स्प्रिंगा, वर फोम. आईंना दुकानात नेणं शक्य नव्हतं आणि तुला मीटिंग होती, म्हणून मीच पाच गाद्यांवर आडवी झाले आणि माझ्या कमरेला मानवली ती निवडली. डबल आहे, त्यांच्या कॉटवर मावणार नाही, जमिनीवरच घाल. डॉक्टरांच्या मते आई दिवाळीपर्यंतच आहेत, नंतर गादी आपल्याच खोलीत यायची, तेव्हा वरचं प्लास्टिक काढू नकोस. अंगाखाली आवाज होतो म्हणाल्या, तर पंखा पाचवर कर.

आणि गादीला दहा वर्षांची गॅरंटी आहे, हे त्यांना सांगू नकोस. मनावर घेतील.

अपेक्षा