मुलाची मावशी

३ नोव्हें., सोम.
निखिलने जेवताना सहज सांगितलं, "काकू, बालगृहातून माझी फाइल मागवलीय. सगळी स्कॅन करून पाठवतायत." मी पोळी लाटत होते. हात थांबला, ते त्याला दिसलं नसावं.
अकरा महिने हा मुलगा माझ्या बेसमेंटमध्ये राहतोय, कॉलेजला जातोय, मला काकू म्हणतोय. मी त्याची सख्खी मावशी. त्याची फी भरणारं, नाव न सांगणारं माणूसही मीच. या वहीतसुद्धा हे कधी लिहिलं नव्हतं.

५ नोव्हें., बुध.
परांजपे बाईंना साताऱ्याला फोन. बालगृहातून रिटायर झाल्या, पण माझे पैसे इतकी वर्षं त्यांच्याच हातून गेले. इथे कॅनडात, व्हिटबीला एका मराठी बाईंचं बेसमेंट भाड्याने आहे, हे निखिलला सांगितलं तेही त्यांनीच. म्हणाल्या, "मी तोंड उघडलेलं नाही. पण तुमचं ते पत्र फाइलला लावलेलं आहे. काढून टाकायचा मला अधिकार नव्हता."
पत्र तोंडपाठ आहे. माझी बहीण मंदा आणि तिचा नवरा घाटातल्या अपघातात गेले तेव्हा निखिल तीन वर्षांचा. 'मुलाचा सांभाळ करणे आम्हांस शक्य नाही. यापुढे आमच्याशी संपर्क साधू नये.' खाली सहीची गिचमिड आणि 'मुलाची मावशी'. ह्यांना मंदाचं लग्नच मान्य नव्हतं. पण हे जाऊन दोन वर्षं झाली, आता त्यांच्यावर काय ढकलायचं. पेन माझ्या हातात होतं.

९ नोव्हें., रवि.
पहिला बर्फ. मी उठायच्या आत निखिलने ड्राइव्हवे शोव्हल करून टाकला होता. चहाला वर आला. फी भरणाऱ्याचा विषय त्यानेच काढला. "कधी भेटले तर पाया पडणार." मग कपात बघत म्हणाला, "आणि एक मावशी होती म्हणे. तिला एकच विचारायचंय. नाही म्हणायच्या आधी मला एकदा बघून तरी गेली होती का."
मी तेव्हा पुण्यातच होते. कॅनडाचं विमान आठ दिवसांवर. सातारा अडीच तास.
तो लगेच उठला. त्याला ग्रोसरी स्टोअरमध्ये शिफ्टला जायचं होतं.

१२ नोव्हें., बुध.
फाइल आली. लॅपटॉप घेऊन वर आला. "काकू, हे अक्षर लागत नाही मला. वाचता का?" दोन हात लांबूनच ओळखलं. चष्मा सापडत नाही म्हटलं. चष्मा डोक्यावरच होता. त्याने तिकडे एकदा बघितलं आणि लॅपटॉप मिटला.
तो कॉलेजला गेल्यावर फ्रिजवरची सामानाची यादी फाडली. कॅलेंडर उतरवलं. डब्यांवरची लेबलं सोलून काढली, हळद, धणे, गोडा मसाला, सगळी. घरभर माझंच अक्षर. नखं दुखतायत. 

१४ नोव्हें., शुक्र.
दोन दिवस जेवायला वर नाही. 'असाइनमेंट आहे' एवढाच मेसेज. खाली येरझाऱ्या ऐकू येतात. कळलंय का? कळलं असेल तर बोलत का नाही?
दुपारी त्याच्यासाठी चिठ्ठी तयार केली. पाहुणे येणार आहेत, महिनाअखेर जागा रिकामी करावी. इंग्रजीत, टाइप करून, अक्षर नको म्हणून. वाचून बघितली. तेच पत्र, दुसऱ्यांदा. डिलीट केली. 

१५ नोव्हें., शनि.
खाली गेले. कठडा धरून उतरले. "दे, वाचते," म्हटलं. त्याने लॅपटॉप पुढे केला. पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. शेवटी आले तेव्हा त्याने विचारलं, "सही लागते का?"
"लागते. माझी आहे."
मग, "परांजपे बाईंनीच मला इथे पाठवलं. म्हणजे माझी फी?"
"तीही मीच."
"बघायला आला होतात मला?"
"नाही. पुण्यात होते. आले नाही."
जॅकेट चढवलं आणि बाहेर गेला. शनिवारी त्याची शिफ्ट नसते.

१७ नोव्हें., सोम.
परवापासून नाही. फोन बंद. त्याची बॅग, लॅपटॉप खालीच आहे. किचनर गावी मित्र आहे म्हणाला होता, त्याचा नंबर माझ्याकडे नाही. बाहेर उणे नऊ. पोलिसांना कळवावं, तर ते आधी विचारणार, तुम्ही त्याच्या कोण?
सकाळी परां. बाईंचाच फोन. "निखिलचा फोन आला होता मला. एवढंच विचारलं, पैसे का भरत होत्या. म्हटलं, त्यांनाच विचार."
"मग काय म्हणाला?"
"ठेवला फोन."
म्हणजे आहे. कुठेतरी आहे. पण विचारलं तर काय सांगू? माया होती म्हणायला तोंड नाही. त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते याच दारात, सूटकेस घेऊन उभा होता. मंदाची हनुवटी. आणि मी म्हटलं, भाडं महिन्याच्या एक तारखेला.
साडेपाच. साइड डोअर उघडलं. बूट झटकल्याचा आवाज. पावलं खाली गेली नाहीत, जिन्याच्या तोंडाशी थांबलीयत. हाक मी मारायची की त्याने, कळत नाही.