भरतीची वेळ मला ठाऊक होती

तीर्थरूप अण्णांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला, आणि आता मी तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. लोक वेडी म्हणतील. म्हणू देत. ह्यांची पोस्टातली बदली झालीय, आणि ती कुठं, तर कोकणात, अगदी समुद्राला लागून असलेल्या गावी! परवा सकाळच्या गाडीनं जालना सोडायचं. ट्रंका भरून झाल्यात, आणि मला इतकी भीती वाटतेय अण्णा, की सकाळपासून घास उतरलेला नाही.

काल मीनानं विचारलं, "आई, समुद्र आपल्या कुंडलिका नदीपेक्षा मोठा असतो का गं?" चार वर्षांची पोर ती, विचारणारच. मी तिच्यावर एवढ्यानं ओरडले की ती कोपऱ्यात जाऊन रडत बसली. का ओरडले, हे तिला कसं सांगू? तुम्हालासुद्धा कधी सांगितलं नाही.

आईचा ताप हटत नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. तुम्ही बदनापूर स्टेशनात मालबाबू, रेल्वेचा पास घरचाच. "जायचं तर बराबर समुद्रावरच जाऊ," म्हणालात. आपल्या खानदानात तोवर कुणी समुद्र पाहिला नव्हता. मनमाडला गाडी बदलली, मुंबईहून बोटीत बसलो, आणि त्या आरोग्यभुवनात उतरलो. नारळीखाली ओळीनं खोल्या, पुढं नुसती वाळू, आणि वाळूपुढं तो. मी बारा वर्षांची घोडी, पण धाकट्या वसंताचा हात धरून उलटी पळत सुटले होते. तुम्ही केवढे हसलात तेव्हा!

पहिल्याच दिवशी तुम्ही घड्याळ घेऊन वाळूत बसलात. दुपारी एकला पाणी पार काठापर्यंत आलं, मग संध्याकाळपर्यंत मागं मागं सरत गेलं. तुम्ही कागदावर लिहिलंत, 'भरती एक वाजता, नंतर ओहोटी', आणि स्टेशनात गाड्यांचा तक्ता लावतात तसा तो दाराला डकवलात. "पाह्यलं का, यालाबी टाईमटेबल हाय," असं आईला म्हणालात. रेल्वेच्या माणसाला दुसरं काय वाटणार! गाडी रोज ठरल्या वेळी येते, तसंच पाणी येणार.

दुसऱ्या दिवशी आईचा ताप चढला, आणि पाच दिवस आपण कुणी समुद्राकडे फिरकलो नाही. मी तेवढी विहिरीवर जायचे. तिथं पाणी भरणारी एक बाई होती. पहिल्याच खेपेला बादली ओढता ओढता ती सहज म्हणाली, "गो बाय, दर्याची वेळ रोज पुढं सरकते. काल एकला भरला, तर आज पावणेदोनला. उद्या आणखी उशिरा."

मला ठाऊक होतं, अण्णा. भरतीची वेळ मला ठाऊक होती!

सातव्या दिवशी आई उठून बसली. तुम्ही दाढी करता करता गुणगुणत होतात. "आज तिथं खडकावर बसून जेवू. नदीच्या वाळूत बसतो तसं." भाकरी, पिठलं, ठेचा फडक्यात बांधला. दाराशी मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही, हे तुम्ही कान पिरगाळून शिकवलेलं. आणि तुम्ही इतके खूश होतात! तो आनंद मोडला तर काय होईल, या धास्तीनं मी तोंड मिटलं.

दोन वाजले होते. विहिरीवरच्या बाईच्या हिशेबानं त्या दिवशी भरती साडेपाचच्या सुमाराला पुरी होणार होती. वाटेत खोलगट जागी घोट्याएवढं पाणी होतं, ते ओलांडून आपण खडकावर बसलो. दुसरी भाकरी वाढताना मी मागं वळून पाहिलं. ती खोलगट जागा भरत चालली होती. तरी मी भाकरी वाढत राहिले! शेवटी वसंताच ओरडला, "अण्णा, पाणी वाढून राह्यलं!"

"गप बस. वाढायचा टाईम केव्हाच होऊन गेला."

"अहो, न्हाई, माझे पाय भिजले," आई म्हणाली. तुम्ही घड्याळ काढून बघितलंत. त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आजन्म विसरणार नाही. माझे वडील घाबरले होते! तुम्ही घाबरू शकता, हेच मला माहीत नव्हतं.

"चला, जल्दी!" वसंता तुमच्या खांद्यावर, आईनं तुमचा सदरा धरलेला, आणि मी आईचा पदर. पाणी माझ्या गळ्याशी आलं. एक लाट आली आणि पदर सुटला. नाकातोंडात खारट पाणी, पायाखाली काही नाही, डोळ्यांपुढं हिरवा अंधार. अजूनही कुणी डोक्यावरून तांब्या ओतला की मी किंचाळते. कोळ्यांनी दोर टाकून आपल्याला ओढलं. चौघंही वाचलो असं सगळे म्हणाले. पण आईच्या छातीत गारठा भरला तो भरलाच. बदनापूरला आल्यावर महिनाभरात ती गेली.

"मीच मारलं तिला." येईल त्या माणसाला तुम्ही हेच सांगायचात. मी आत भाजी निवडत ऐकायचे. दहा वर्षं ऐकलं! शेवटच्या आजारात तुमचे पाय चेपताना एकदा धीर करून म्हणाले, "अण्णा, एक सांगायचं होतं."

"काय गं?"

"काही नाही. पाणी देऊ?"

तुम्हाला कूस बदलता येत नव्हती अण्णा, आणि मी तरीही तुम्हाला भ्यायले. एवढं का हो भिववून ठेवलं होतं आम्हाला? समुद्र नंतर आला. माझ्या आयुष्यातली पहिली भीती तुम्हीच होतात. राग मानू नका. ओझं दोघांचं होतं आणि तुम्ही एकट्यानं वाहिलंत, म्हणून आज हे लिहिलं.

परवा मी जाणार आहे. समुद्र दिसला की मी पुन्हा उलटी पळायला बघेन, ते काही सुटायचं नाही. पण तुम्हाला एक वचन देते. मी कितीही रागात असले, कितीही आनंदात असले, चार माणसांत असले, तरी मीना "आई, तुझं चुकतंय" म्हणाली, की मी असेन तिथं थांबेन. आणि तिला म्हणेन, सांग बाई, काय चुकतंय?

तुमची,
शालू