चौकीवर जे राहिले

दादा, स्मारकाचा दगड टेम्पोतून उतरवून चौथऱ्याला टेकवला तेव्हा त्यावर मजकूर लाल खडूने नुसता आखलेला होता. कारागिराने छिन्नी काढली आणि म्हणाला, "ताई, एकदा वाचून घ्या. मागनं माझ्याकडं बोट नको."

मजकूर माझाच, तुमच्या लेकीचा. मी जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून गावाने मी राहते त्या सावेडीला निरोप धाडून तो माझ्याकडून लिहून घेतला. तुमच्या पलटणीतला, आपल्याच गावचा तुमचा दोस्त बर्फातल्या त्या चौकीवर आणखी एकोणीस जणांबरोबर राहिला. समोर शेकडो होते. त्या विसांतलं कुणी परत आलं नाही. एवढं मी चार ओळींत बसवलं होतं.

त्याची धाकटी बहीण, जिला मी आत्या म्हणते, काठी टेकत आली. आत्यांना वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचलं. 'हसतमुखाने मृत्यूला सामोरा गेला' इथे त्यांनी हात वर केला.

"हसत?"

"तसं लिहितात, आत्या."

"लिवत आसतील. त्यो इहिरीत उतरायला भ्यायचा. मी उड्या मारायची आन् ह्यो काठावर बसून माझी कापडं सांभाळायचा." कारागीर हसला. त्या हसल्या नाहीत. "तुजा बाप हुता की तिथं. त्यो काय म्हनला हुता?"

तुम्ही हयातीत एकदाच बोलला होतात. केडगावच्या भाड्याच्या घरात आई दिवाळीचे शंकरपाळे तळते आहे. तुम्ही ते कधीच खात नाही. मी हट्टाने बशी पुढे करते, तुम्ही ती ढकलता, शंकरपाळे फरशीभर होतात. आई बोलते. तुम्ही खाली बसून एकेक उचलता आणि उचलताना सांगता. पलटणीत तुम्ही लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. चौकीवरचं खाणं संपलं होतं. खालच्या तळावर शंकरपाळ्यांची पोती होती. सुभेदार म्हणाले, घेऊन ये, लागला तर एक माणूस बरोबर ने. दोस्त म्हणाला, "मी येतो. लई भ्या वाटतंय." तुम्ही म्हणालात, "दोघं कशाला? आलोच मी." परत निघालात तेव्हा वरची वाट तुटली होती. वर गोळीबार चालू होता. मग तो थांबल्याचं तुम्हाला खाली ऐकू आलं. "त्याच्या घरी कळू द्यायचं नाही," तुम्ही मला म्हणालात आणि डब्याचं झाकण लावलंत.

आत्यांना मी सांगितलं, की त्याला भीती वाटत होती आणि तो शेवटपर्यंत लढला. त्यांनी काठी दगडाकडे केली. "म्हंजी भेत भेतच लढला. मंग त्यात हसायचं काय हाय? पूस त्ये."

कारागिराने ओलं फडकं फिरवलं. "जागा रिकामी दिसंल," तो म्हणाला. मी म्हटलं, दिसू दे. वर्गात मी 'हसतमुखाने' हा शब्द फळ्यावर कितीदा लिहिला असेल. सुटसुटीत शब्द, कुठल्याही वीराला चालतो. ज्याला निघून जायचं होतं आणि जो राहिला, त्याच्यासाठी माझ्याकडे दुसरा नव्हता.

पण तो राहिला, की तुम्ही त्याला ठेवलंत? मला ठरवता येत नाही. तुम्हालाही आलं नसावं. बरोबर नेलं असतंत तर चौकीवर एक बंदूक कमी झाली असती, आणि बहिणीला भाऊ मिळाला असता. वीस काय आणि एकोणीस काय, शेकडोंपुढे.

"मी येतो" हे त्याचं बोलणं मी आत्यांना सांगितलं नाही. दगडावरच्या नावाला उणेपणा नको म्हणून गाळलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे ते मी तुमच्यासाठी गाळलं.

हे पत्र इथवर काल संध्याकाळी लिहिलं होतं. आज सकाळी आत्यांकडे गेले आणि गाळलेलं सांगितलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "मंग गोळ्या थांबल्या त्या दिशी तुजा बाप जेवला का?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.