तानाजीच्या म्हशींचा पैरा

कोल्हापूर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

लष्कराच्या राखीव दलाच्या सज्जतेवर संपादकांना लेख हवाय, म्हणून मुरगूडला तानाजीकडे गेलो. एरवी डेअरीला दूध घालणारा गडी, बोलावणं आलं की जवान. उद्या निघायचंय लडाखच्या बर्फात. मी विचारतोय धैर्य, स्थैर्य वगैरे. याला घोर म्हशींचा. धार कोण काढणार? म्हशींपायी हा थांबतो की काय, असं मलाही वाटायला लागलं.

तेवढ्यात शेजारच्या आक्का कडाडल्या, "पैरा करू की, कामाला काम! तुज्या म्हशी आमी बघतो, तू येऊन आमचा ऊस तोड."

"आन् न्हाई आलो तर?"

"पैरा बुडवतोस व्हय रं? गुमान परत यायचं!"

तानाजी खो खो हसला आणि बॅग भरायला बसला. लेखाच्या पहिल्या ओळीत आता आक्काच.