प्लगवरची पाटी

अप्पा, तुम्ही कॉम्प्युटरच्या प्लगला तारेने बांधून गेलेली पत्र्याची पाटी नऊ वर्षं तशीच होती. ‘काम चालू आहे, बटण दाबू नये.’ चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला असताना मशीन खोलण्याआधी लावायचात, तशीच पाटी घरी मिक्सर उघडतानाही. सातवीत असताना मी ती उगाच काढली, तेव्हा तुम्ही मला ओट्यापाशी उभं करून अगदी हळू म्हणालात, “ज्यानं लावली त्यानंच काढायची. दुसऱ्यानं काढली म्हणून आमच्यातल्या एकाचा हात गेलाय.” ओरडला असतात तर मी विसरले असते. काम झालं की तारेचे तीन पीळ सोडवून तुम्ही पाटी पालथी ठेवायचात, आणि मग आम्हाला मिक्सरला हात लावता यायचा.

नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटरचा पंखा बदललात. फक्त पाटी काढायची राहिली, छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यातून तुम्ही परत आला नाहीत. आत तुमची रेकॉर्डिंग होती, नव्या पोरांना शिकवायला बोलून ठेवलेली: बेअरिंग कसं वाजतं, पट्टा सैल झाला की काय करायचं. मोबाइल दवाखान्यातच हरवला. तुमचा आवाज तेवढाच उरलेला, आणि मी त्या पाटीला भीत होते. चाळिशी ओलांडलेली बाई, पण भीत होते.

यंदा काळेवाडीतला दुकानदार म्हणाला, “ताई, हार्ड डिस्क नुसती पडून राहिली तरी जाते. आधी सगळं बाहेर काढा.” त्याने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक्स्टर्नल डिस्क घ्या, भरा, कपाटात ठेवा. नाहीतर हा नेटवर्कवाला डबा, वायफायच्या राउटरला जोडून कायम चालू, घरात कुठूनही ऐका. मी एक्स्टर्नलच घेणार होते. मोशीला घरी येऊन आईला विचारलं, तर ती म्हणाली, “कपाटात न्हाई कोंडायचं त्यांना. चालू ऱ्हातं ते आण.” मग डबा आणला, आत दोन डिस्क, एक गेली तर दुसरी असावी म्हणून.

दुपारी आई झोपलेली असताना मी पक्कडीने तार तोडली, तुकडे केरात टाकले आणि पाटी तुमच्यासारखी पालथी ठेवली. कॉम्प्युटर चालू झाला. सगळं डब्यात उतरलं. आई उठून आली आणि पाटीकडे बघत राहिली.

“कुणी काढली?”

“मी नाही,” मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. त्या ओट्यापाशीच उभी असल्यासारखं वाटलं.

“मग तेच आले आसतील. झालं म्हणायचं काम त्यांचं.” ती तुमच्या खुर्चीशेजारी बसली. तेव्हापासून ती रोज दुपारी टीव्हीवर तुमचा आवाज लावते, बेअरिंगचा धडा ऐकत भाजी निवडते, आणि मधेच “व्हय” म्हणते. मला तिचं खोटं सुख मोडवत नाही. लाज वाटते, तरी मोडवत नाही.

आज डब्यावरची धूळ पुसताना तिने शेजारी ठेवलेली पाटी उचलली. तीच गंजकी तार पाटीला अडकवलेली आहे, अख्खी, कुठेही न तुटलेली, तीन पिळांच्या जागी अजून वाकलेली. आईच्या बोटांनी आता सुईत दोरासुद्धा ओवला जात नाही. मी पाटी होती तशीच पालथी ठेवली.

अप्पा, पाटी मी काढली होती. हे आईला सांगायचं राहिलंय, आणि आता ते खरं आहे की नाही, मलाच माहीत नाही.