अकरा रुपयांचं तत्त्व

॥ श्री ॥
पोलादपूर,
९ फेब्रुवारी १९९७

चि. साहिल यास श्रीपतकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पोस्टकार्डाविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने नोंदवत आहे. पैसे वाचवायचे म्हणून माणसाने आंतर्देशीयाऐवजी कार्ड लिहावं, हे समजू शकतो. पण अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, आणि ती चारी कडांना वळसा घालून थेट पत्त्यात घुसलेली. सदू पोस्टमनने पत्ता शोधण्यासाठी अख्खं पत्र वाचलं. वाचल्यावर राहवेना, म्हणून वरच्या वाडीला तोंडी सांगितलं. तुझी खुशाली मला तुझ्या आईनंतर, रेशनवाल्यानंतर आणि पंचायत समितीतल्या आमच्या शिपायानंतर कळली. मी तिथला हेडक्लार्क आहे, हे सदूच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, पत्रात तसं काय लिवलेलं नाय.

तुझी काटकसर ऐकून वाडी थक्क आहे. न्हाव्याचे पैसे वाचवायला दाढी, बसचे वाचवायला पायपीट, आणि चहाचे वाचवायला दुसऱ्याच्या चहाच्या वेळी नेमकं हजर राहणं. हे शेवटचं तू लिहिलेलं नाहीस, मी ओळखलं. गावकीने मुंबईत गावच्या माणसांसाठी धरलेल्या त्या खोलीत मीही दोन वर्षं काढली आहेत. वसतिगृह तुझ्या बापाला, चांगूदादाला, झेपणारं नव्हतं. महिना तीस रुपयांत मुंबईत अंग टेकायला दुसरीकडे कोण देतो? तेव्हा कुरकुर न करता विद्यापीठाची पहिली परीक्षा पार पाड.

लोभ आहेच; तो वाढवण्याची सध्या ऐपत नाही.
तुझा काका, श्रीपत

काळाचौकी, मुंबई
१८ फेब्रुवारी १९९७

ती. काकांस साहिलचा शि. सा. न. वि. वि.

हे आंतर्देशीय आहे, कारण यातला मजकूर सदूकाकांना कळायला नको.

खोली दहा बाय बारा, नावं एकोणीस. रात्रपाळीवाले दिवसा झोपतात, दिवसपाळीवाले रात्री. त्यामुळे दिवा कधीच लावता येत नाही. मी जिन्यात वाचतो. पण तिथेही सापडतो. वाडीतला पहिला कॉलेजवाला म्हणून सगळ्यांचे अर्ज, मनीऑर्डरी, लग्नपत्रिका माझ्याकडे. परवा रसायनशास्त्र उघडलं आणि एकाने विचारलं, साडूला न दुखवता उसने पैसे नाकारायचे तर काय लिहायचं? दोन तास गेले. बनुबाईंच्या खानावळीत त्यांच्या नातवाला पाढे शिकवतो, म्हणून दुपारचं जेवण निम्म्यात. नातू सातच्या पाढ्यावर अडलाय. त्याने घाई करू नये असं मला वाटतं.

खरी अडचण पुढे आहे. शिमग्याची पालखी पंचवीस मार्चला उठणार आणि माझा पहिला पेपर सव्वीसला सकाळी. खोलीचे कारभारी महिपततात्या म्हणतात, ज्याचं नाव खोलीत त्याचा खांदा पालखीला. खांदा नाय तर नाव नाय. पेपर काय, दर वर्षी येतो. मी म्हटलं, पालखीही दर वर्षी येते. तेव्हापासून खोलीत माझ्याशी कोणी बोलत नाही. अर्ज मात्र पुढे सरकवतात.

नाव कापलं तर जागा गेली, जागा गेली की शिक्षण गेलं. मग मी जूनमध्ये बाबांबरोबर नाचणी लावायला. तुम्ही गावकीत शब्द टाकाल का?

लोभ असावा; तो फुकट असल्याने भरपूर असावा.
आपला, साहिल

पोलादपूर,
३ मार्च १९९७

चि. साहिल यास आशीर्वाद. वि. वि.

काल देवळापुढच्या सहाणेवर, पालखी टेकवतात त्या ओट्यावर, गावकी बसली होती. बावीस वर्षांनी मी तिथे पाय ठेवला. परीक्षा म्हणजे काय, वर्ष वाया जाणं म्हणजे काय, हे सरकारी परिपत्रकाच्या थाटात समजावलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. इतक्या शांतपणे, की मला धोका कळायला हवा होता. मग आपल्या भावकीतला धोंडू, जो हल्ली गावकीचा पुढारी आहे, सुपारी कातरत म्हणाला की, आधी सवताचा दंड भर, मंग पोराचा वकील हो.

तुला हे घरात कुणी सांगितलं नसेल. पंच्याहत्तर साली मी त्या खोलीत होतो. शिमग्याला गावी यायचं तर एसटीचं भाडं नऊ रुपये. ते वाचवावे म्हणून मी आलो नाही. गावकीने अकरा रुपये दंड केला. काटकसरीत दोन रुपयांचा तोटा मला सहन होईना, म्हणून दंड भरला नाही, आणि पुढे त्यालाच तत्त्व म्हणू लागलो. नाव कापलं, मुंबई सुटली. तेव्हापासून पालखी आपल्या दारात आली की मी परसात लाकडं फोडायला जातो. तुझी काकू म्हणते, देवी पावते ती अशी, वर्षाचं सरपण होतं.

आता दंड भरला तर धोंडू पुढची बावीस वर्षं तेच सांगत फिरेल. मी उठून आलो. मागे हसणं ऐकू येत होतं, त्यात तुझ्या बापाचंही असावं. दुसरा काही मार्ग निघतो का पाहतो.

तू अभ्यास सोडू नकोस.
तुझा काका, श्रीपत

काळाचौकी,
९ मार्च १९९७

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

माझ्यासाठी तुम्ही मान खाली घालू नका. मी पालखीला येतो. महिपततात्यांना तसं सांगितलं. त्यांनी बावीस तारखेच्या गाडीत माझी जागा धरली आणि लगेच बोलायलाही लागले. वर्ष बुडेल, पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. फी पुन्हा भरावी लागेल. ती कशी वाचवायची हे अजून सुचलेलं नाही.

एकाच गोष्टीची गंमत वाटते. सगळे निघाले की खोलीला सहा दिवस कुलूप. एवढी रिकामी खोली मी अजून पाहिलेली नाही, आणि तेव्हाही पाहणार नाही.

आईला एवढ्यात सांगू नका.
आपला, साहिल

पोलादपूर,
१६ मार्च १९९७

चि. साहिल यास आशीर्वाद. वि. वि.

येऊ नकोस. गावकीने यंदा तुझा खांदा माफ केला आहे, नाव खोलीत राहील. महिपतला निरोप गेला. कसं जमलं ते विचारू नकोस. माणसं कधी कधी शहाण्यासारखी वागतात, कारण शोधायला गेलं की बिघडतात.

सहा दिवस खोली तुझ्या एकट्याची. भर दुपारी दिवा लाव, हातपाय पसरून झोप, मोठ्याने वाच. अर्ज घेऊन कुणी येणार नाही. आणि निदान या सहा दिवसांत चहा स्वतःच्या पैशाने पी.

तुझा काका, श्रीपत

वरची वाडी,
१६ मार्च १९९७

ती. धोंडूदादांस श्रीपतचा नमस्कार. वि. वि.

लेखी पाहिजे म्हणालात, म्हणून लिहितो. काल तुमच्या अंगणात ठरल्याप्रमाणे सोबत अकरा रुपये आहेत, सन १९७५ चे. साहिलच्या जागी पालखीला माझा खांदा लावावा. शक्यतो डावा, उजवा दुखतो. सहाणेवर चार माणसांत नाव घेऊन सांगणार असाल तर सांगा, मी तिथेच उभा असेन. पोराला मात्र पेपर संपेपर्यंत कळू देऊ नये.

पावती नको.

आपला,
श्रीपत