बाद म्हणजे राखीव

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

मी, तुझा सख्खा थोरला भाऊ, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, तुझ्या विणकाम कारखान्यातील जुन्या वर्कस्टेशन संगणकाचा आजवरचा एकमेव दुरुस्तीवाला, हे पत्र केवळ खुलासा मागण्यासाठी लिहीत आहे. फोन मुद्दाम केला नाही. मी ओरडलो असतो आणि तू रिसीव्हर बाजूला ठेवून चहा टाकला असतास.

तुझ्या यंत्राचा पॉवर सप्लाय जळाल्याचे मुकादमाने काल कळवले. मी त्याला म्हणालो, घाबरू नका, जोडीचा माझ्या कपाटात तयार आहे. कपाट उघडले तर खालचा खण रिकामा, वर तुझ्या हातचा स्वच्छ कागद अंथरलेला. तुझ्या वहिनीकडून कळले की माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यात तू खोली आवरलीस आणि 'बाद' लिहिलेले खोके भंगारवाल्याला दिलेस.

तो सप्लाय मिळवायला तीन वर्षे लागली. ती यंत्रे बनवणारी कंपनीही आता उरलेली नाही. तीन मेलेली यंत्रे उघडून, फुगलेले कपॅसिटर बदलून मी तो उभा केला होता. कोणाला विचारून दिलास?

उत्तर मुद्देसूद हवे. लोभ तूर्त तहकूब आहे.

तुझा दादा
वरची खोली, ९ नोव्हेंबर

१३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

मुद्दा एकच. खोक्यावर 'बाद' लिहिले होते आणि मला वाचता येते.

बाद मत, बाद नोट, बाद माणूस. सगळीकडे बाद म्हणजे टाकाऊ. लहानपणी खेळात तू मला रोज बाद करायचास, तेव्हा काही राखून ठेवत नव्हतास. वहिनीला फोन केला तेव्हा समजले की तुझ्या लेखी बाद म्हणजे साठ्यातून वजा केलेले, कोणासाठी तरी राखलेले. वाणिज्य तू शिकलास दादा, घरादाराने नाही. 'धाकटीचे' एवढे लिहायला शाई संपली होती का? डोळ्यात थेंब घालताना घड्याळ बघ म्हणून सतरा वेळा खेकसलास. तेवढ्यात खोक्याबद्दल एक शब्द बोलता आला असता.

भंगारवाल्याकडे स्वतः जाऊन आले. नुसता पत्रा हाती लागला. आतले तांबे त्याने केव्हाच काढून विकले.

नाट्यगृहाचा पडदा निम्मा विणून अडकला आहे. त्या यंत्राने नक्षी पाठवल्याशिवाय माग हलत नाही. नऊ माणसे हातावर हात ठेवून बसली आहेत. महिनाअखेर पडदा गेला नाही तर कारखान्याला टाळे लावीन. मग खुशाल खुलासे मागत बस.

माझाही लोभ त्या रिकाम्या खणात शोध.

धाकटी

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र चार वेळा वाचले. भाषा उद्धट आहे. मुद्दा बरोबर आहे. नाव लिहायला हवे होते. लिहिले नाही, कारण ते मला पाठ होते. राग कायम आहे, फक्त तो नेमका कोणावर करावा हे आता ठरत नाही.

सोबतच्या पेटीत पॉवर सप्लाय आहे. माझ्या खोलीतल्या, तुझ्याच जातीच्या यंत्रातून काढला आहे. एकोणीस वर्षे ते मी रोज सकाळी सुरू करत आलो. आज सकाळी सवयीने बटण दाबले, ते तुझ्या वहिनीने पाहिले आणि चहाचा कप पुढे केला, याचाही मला राग आला.

मुकादमाला बजावून सांग: आधी मुख्य वीज बंद करावी. पंख्यासमोर सूत साठू देऊ नये. तुझा सप्लाय सुतामुळेच जळाला असणार, आणि हे मी सात वर्षे सांगत आहे. जळालेला याच पेटीतून परत पाठव. डोळा नीट झाला की उघडून पाहीन.

पडदा वेळेत गेलाच पाहिजे. यात सबब चालणार नाही.

माझ्या यंत्राचे झाकण पुन्हा लावून ठेवले आहे. इकडे आलीस आणि कोणी विचारलेच, तर ते बंद पडले असे म्हणू नये. दुरुस्तीला काढले आहे, एवढेच सांगावे.

लोभ पेटीसोबत पाठवला आहे, पोचल्याचे कळव.

तुझा दादा
वरची खोली, १७ नोव्हेंबर